राज्य गेल्यावर जमीन कोणाची?

राज्यसंस्था ही माणसांच्या सहजीवनाची अपरिहार्य अट नाही, तिच्यावाचून समाज चालू शकतो आणि तसाच तो चालावा, असे मानणाऱ्या विचारपरंपरेला मराठीत कधी अराज्यवाद, तर कधी अराजकवाद म्हटले जाते. यांपैकी दुसऱ्या शब्दाने घोटाळा होतो, कारण रोजच्या बोलण्यात अराजक म्हणजे बेबंदशाही, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही अशी अवस्था, आणि या परंपरेतल्या एकाही गंभीर विचारवंताला ती अभिप्रेत नव्हती. वरून लादलेली सत्ता नसतानाही माणसे आपापसांत ठरवून जी व्यवस्था उभी करतात, ती त्यांना हवी होती. म्हणून अराज्यवाद हाच शब्द येथे वापरला आहे.

या एका नावाखाली दोन घराणी नांदतात. एक डावे, जे राज्याबरोबर भांडवलशाहीही जावी असे म्हणते आणि उरलेल्या समाजाची कल्पना गाव, कामगारांचा संघ किंवा सहकारी वस्ती या रूपात करते. दुसरे मुक्त बाजारवादी, जे राज्य गेल्यावर खासगी मालमत्ता आणि स्वेच्छेने केलेले करार एवढेच उरावे, बाकी सारे बाजार पाहून घेईल, असे म्हणते. राज्य नको यावर एकमत असूनही हा वाद इतका टोकाचा आहे की डाव्या घराण्यातले बहुतेक जण दुसऱ्यांना अराज्यवादी मानायलाच तयार नसतात, तर दुसरे घराणे पहिल्यावर असा आरोप करते की समाजाच्या नावाखाली ते राज्य मागच्या दाराने परत आणत आहे. हा झगडा युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांपुरता आहे असा समज असला, तरी त्यातले जवळपास प्रत्येक प्रमेय दिल्लीच्या भोवतालच्या पट्ट्यात, म्हणजे गुरुग्राम, मानेसर, फरीदाबाद आणि खुद्द दिल्लीच्या रस्त्यांवर, प्रत्यक्ष कसाला लागलेले आहे. तेथील घडामोडी जवळून पाहिल्या की असे दिसते की या वादाची गाठ राज्याच्या प्रश्नात नाहीच. ती 'माझे' कशाला म्हणायचे, या प्रश्नात आहे.

सातबाराचा उतारा पाहिलेल्या मराठी वाचकाला ही गाठ समजायला अवघड नाही. मालकी आणि भोगवटा हे दोन शब्द कागदोपत्री अनेकदा एकाच माणसापाशी येतात, पण त्यांच्या मुळाशी दोन वेगळे हक्क आहेत. जो जमीन कसतो, घरात राहतो, हत्यार वापरतो, त्याचा भोगवटा. आणि जो यांपैकी काहीही न करता केवळ कागदाच्या बळावर खंड, भाडे किंवा व्याज घेतो, त्याची मालकी. फ्रेंच विचारवंत पिएर-जोसेफ प्रूदाँ याने १८४० साली नेमका हाच भेद मांडला, भोगवट्याला न्याय्य म्हटले आणि न वापरणाऱ्याच्या मालकीला चोरी ठरवले. अराज्यवादी हे नाव अभिमानाने स्वतःला लावून घेणारा हा पहिला मोठा लेखक. महाराष्ट्रात कूळकायद्यामागे जी 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा होती, तिचे तत्त्व प्रूदाँच्या तत्त्वाच्या अगदी शेजारचे आहे. फरक एवढाच की येथे ते १ एप्रिल १९५७ रोजी कृषक दिन जाहीर करून राज्याने अमलात आणले, आणि प्रूदाँला ते राज्यावाचून घडायला हवे होते. त्यासाठी त्याने लोकबँकेची कल्पना काढली. राबणाऱ्याला नाममात्र खर्चात कर्ज मिळाले तर तो हत्यार स्वतःच विकत घेईल आणि भाडे खाणारा आपोआप निष्प्रभ होईल, असा त्यामागचा विचार होता. १८४९ साली सुरू केलेली ती बँक, प्रूदाँला तुरुंगवासाची शिक्षा झाल्यामुळे, काही महिन्यांतच गुंडाळावी लागली.

त्याच्यानंतर मिखाईल बाकुनिन आणि प्योत्र क्रोपोत्किन या दोन रशियनांनी डाव्या घराण्याला सामुदायिक वळण दिले. क्रोपोत्किनचा युक्तिवाद आजही ताजा वाटतो: कोणतीही वस्तू एकट्याच्या श्रमातून होत नाही, तिच्यात आधीच्या पिढ्यांनी बांधलेले रस्ते, शोधलेली यंत्रे, लावलेली झाडे असतात, म्हणून प्रत्येकाचा वाटा मोजत बसणे व्यर्थ आहे आणि गरजेप्रमाणे वाटप हाच न्याय आहे. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा कॅटलोनिया आणि आरागॉनमधल्या शेतकऱ्यांनी व कामगारांनी हे तत्त्व काही काळ मोठ्या प्रमाणावर आचरणात आणले होते.

दुसऱ्या घराण्याचा मूळपुरुष म्हणून गुस्ताव्ह द मोलिनारी या अर्थशास्त्रज्ञाकडे बोट दाखवले जाते. लोकबँक निघाली त्याच १८४९ साली त्याने असे लिहिले की भाकरी आणि कापड यांच्या बाबतीत स्पर्धा हितकारक असेल, तर संरक्षण, म्हणजे पोलीस आणि न्याय, याच एका वस्तूचा मक्ता सरकारकडे ठेवण्याचे कारण काय? या प्रश्नावर पुढे अमेरिकेत मरे रॉथबर्ड आणि डेव्हिड फ्रीडमन यांनी पूर्ण इमारत उभी केली. रॉथबर्डच्या मते मालकीचा उगम वहिवाटीत आहे: ज्या जमिनीला कोणी धनी नाही तिच्यावर पहिल्यांदा घाम गाळणारा तिचा धनी होतो, आणि एकदा धनी झाल्यावर ती विकणे, भाड्याने देणे, पडीक ठेवणे हा सर्वस्वी त्याचा अधिकार. त्यामुळे भाडे, व्याज आणि मजुरी हे सारे राजीखुशीचे व्यवहार ठरतात आणि अन्याय तेवढा बळजबरीत उरतो. या दोन घराण्यांच्या मधल्या ओटीवर बेंजामिन टकर हा बॉस्टनचा संपादक बसलेला दिसतो. त्याने १८८१ ते १९०८ अशी २७ वर्षे चालवलेल्या नियतकालिकात स्पर्धेचा कैवार घेतला, पण व्याज, खंड आणि अवाजवी नफा ही स्पर्धेची फळे नसून राज्याने पोसलेल्या चलन, जमीन, जकात व पेटंट या चार मक्त्यांची फळे आहेत, असे तो सांगत राहिला. आजच्या वाचकाला या साऱ्यांत टकर सर्वांत कमी माहीत असतो, आणि हे दुर्दैव आहे, कारण भारतातली परिस्थिती समजून घ्यायला त्याचीच दृष्टी अधिक उपयोगी पडते.

भारतात या विचाराचा प्रवेश क्रांतिकारकांच्या मार्फत झाला. दिल्लीत जन्मलेले लाला हरदयाळ यांनी कॅलिफोर्नियात बाकुनिनच्या नावाने संस्था काढली होती, आणि भगतसिंगांनी १९२८ साली 'किरती' या मासिकात अराज्यवादावर लेखमाला लिहिली. परंतु दोन घराण्यांची ओढाताण एकाच छपराखाली पाहायची असेल तर मुंबईकडे वळावे लागते. मं. प. ति. आचार्य हे मद्रासचे क्रांतिकारक, १९२० साली ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत पुढे असलेले, पण लवकरच बोल्शेविक राज्याला विटून बर्लिनमधल्या अराज्यवाद्यांत सामील झालेले. ते १९३५ च्या सुमारास मुंबईला परतले आणि १९५४ मध्ये तेथेच वारले. रणछोडदास भवान लोटवाला हे मुंबईचे धनिक, पिठाच्या गिरण्यांचे मालक, ज्यांनी १९२०च्या दशकात तरुण श्रीपाद अमृत डांगे यांना पैसा आणि ग्रंथ दोन्ही पुरवले. मार्क्सवादावरून लोटवालांचे मन उडाले तेव्हा त्यांच्या संस्थेने आचार्यांच्या प्रभावाखाली अराज्यवादी समाजवादाचे नाव धारण केले आणि त्या परंपरेतले ग्रंथ छापले. पुढे त्याच संस्थेच्या नावातला 'समाजवादी' हा शब्द जाऊन नुसता 'सामाजिक' उरला, आणि तिचे 'इंडियन लिबर्टेरियन' हे इंग्रजी नियतकालिक नियोजन मंडळाविरुद्ध मुक्त अर्थव्यवस्थेचा पुरस्कार करू लागले. आचार्यांना पैशावर चालणारी सारी अर्थव्यवस्थाच मोडायची होती. त्यांच्या पश्चात त्याच व्यासपीठावरून बाजाराची बाजू मांडली गेली. राज्याचा तिटकारा माणसाला दोन्हीकडे नेऊ शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण भारतात नाही.

दिल्लीच्या पट्ट्यात आज ही दोन टोके दोन ठिकाणी आढळतात. फरीदाबादहून १९८२ पासून निघणारे 'फरीदाबाद मजदूर समाचार' हे छोटेखानी हिंदी मासिक कारखान्यांकडे जाणाऱ्या कामगारांच्या हाती फुकट दिले जाते. ते कोणत्याही पक्षाचे नाही, स्वतःला अराज्यवादी म्हणवून घेण्याचा आग्रहही त्याला नाही, पण पक्ष, नेता, संघटनेचा पदाधिकारी अशा प्रत्येक 'प्रतिनिधी'विषयीचा त्याचा अविश्वास आणि कामगारांनी स्वतःच बोलावे, स्वतःच ठरवावे हा त्याचा हेका डाव्या अराज्यवादाच्या थेट वंशातला आहे. दुसरीकडे, १५ ऑगस्ट १९९७ रोजी, स्वातंत्र्याच्या पन्नाशीचा मुहूर्त साधून, पार्थ शाह यांनी दिल्लीत 'सेंटर फॉर सिव्हिल सोसायटी' ही संस्था सुरू केली. राज्य पुरते नाहीसे करणे हे तिचे ध्येय नाही, मर्यादित राज्य हे आहे. तरीही परवाने आणि मक्ते हेच गरिबाच्या गळ्यातले लोढणे आहे ही तिची मांडणी मुक्त बाजारवादी घराण्याशी नाते सांगते. या दोन टोकांच्या मध्ये गुरुग्राम उभे आहे.

दिल्लीतील जमिनीचा विकास १९५७च्या कायद्याने दिल्ली विकास प्राधिकरणाच्या हाती गेला आणि खासगी बांधकाम कंपन्यांना सीमेपलीकडे पाहावे लागले. हरियाणाने १९७५ साली कायदा करून खासगी वसाहतींना परवाने देण्याची सोय केली, आणि १९८०च्या दशकात डीएलएफसारख्या कंपन्यांनी शेतकऱ्यांकडून तुकड्यातुकड्याने जमिनी घेऊन वसाहती उभारायला सुरुवात केली. महानगरपालिका आली ती २००८ मध्ये. म्हणजे काचेचे मनोरे, मॉल आणि परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या त्या काळात या शहराला नगरपालिकेपलीकडचे शहर-सरकार जवळपास नव्हतेच. रस्ते वसाहतीच्या कंपनीने केले, पहारा खासगी रक्षकांनी दिला, वीज डिझेलच्या जनित्रांतून आली, पाणी कूपनलिकांतून आणि टँकरमधून आले, एवढेच नव्हे तर डीएलएफने स्वतःचे अग्निशमन दलही ठेवले. नोव्हेंबर २०१३ मध्ये खासगी पैशावर बांधलेली मेट्रोही धावू लागली. मोलिनारीने कागदावर जे रेखाटले, त्याचे एवढे मोठे प्रात्यक्षिक भारतात दुसरीकडे झालेले नाही.

श्रुती राजगोपालन आणि अलेक्स टॅबरॉक या अर्थशास्त्रज्ञांनी मुक्त बाजाराच्या सहानुभूतीने या शहराचा अभ्यास केला, आणि त्यांचा निष्कर्ष प्रामाणिक आहे. कुंपणाच्या आत जे लागते ते सारे खासगी यंत्रणेने पुरवले, पण दोन कुंपणांच्या मधले कोणी पाहिले नाही: सांडपाण्याची मुख्य वाहिनी, शहरभराचे वीजजाळे, पाण्याचा समाईक स्रोत. मैला टँकरमध्ये भरून उघड्या जागी ओतला जाई. त्यांचा उपाय असा की मालक लहान होते म्हणून हे घडले. जमशेदपूरसारखे सबंध शहर एकाच कंपनीच्या हाती असते, तर शेजारच्या प्लॉटवर घाण टाकणे म्हणजे आपल्याच अंगणात टाकणे ठरले असते. हा उपाय तर्काला धरून आहे, पण तो मान्य करताच मुक्त बाजारवादी घराण्यापुढे एक अडचण उभी राहते. जमीन, पाणी, वीज, रस्ता आणि पहारा सारे एकाच मालकाच्या हाती असलेल्या शहरात राहणारा माणूस त्या मालकाला जे देतो त्याला भाडे म्हणावे की कर, आणि नगर सोडून जाणे हाच ज्याच्यापाशी एकमेव निषेध उरतो त्याला नागरिक म्हणावे की रयत? डाव्या घराण्याने हा प्रश्न फार पूर्वी विचारला आहे आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

पाण्याने तर मालकीच्या रेषा मुळीच जुमानल्या नाहीत. ज्याची जमीन त्याचे तिच्याखालचे पाणी, या जुन्या न्यायाने प्रत्येकाने आपापली कूपनलिका खोल नेली आणि साऱ्यांचे भूजल खाली गेले; उलट २८ जुलै २०१६ च्या पावसात बादशाहपूरचा नाला फुगला, हीरो होंडा चौक बुडाला आणि हजारो माणसे रात्रभर वाहनांत अडकून पडली. मुक्त बाजारवादी म्हणतात, भूजलाला मालक नव्हता म्हणून ते लुटले गेले, त्याचेही हक्क वाटून द्यावेत. डावे म्हणतात, ते सर्वांचे होते आणि सर्वांनी मिळून राखायचे होते, ते वाटले म्हणूनच आटले. यात डाव्यांचे म्हणणे अधिक खरे वाटते, कारण नाल्याचा आणि भूजलाचा स्वभावच असा आहे की त्यांचे तुकडे पाडता येत नाहीत. खासगी मेट्रोचेही पुढे असे झाले की चालवणाऱ्या कंपनीने अंग काढून घेतले आणि २०१९ मध्ये ती सरकारी दिल्ली मेट्रोकडे सोपवावी लागली.

तरीही गुरुग्रामला राज्यहीन शहर म्हणणे अर्धसत्य आहे, आणि त्याचा पुरावा शेजारच्या मानेसरमध्ये मिळतो. हरियाणा सरकारने ऑगस्ट २००४ मध्ये मानेसर, लखनौला आणि नौरंगपूर या तीन गावांतील ९१२ एकर जमीन संपादन करण्याची अधिसूचना काढली. जमीन तशीही जाणार, सरकारी मोबदला तुटपुंजा असणार, या धास्तीने अनेक शेतकऱ्यांनी ती बांधकाम व्यावसायिकांना विकून टाकली. आणि ऑगस्ट २००७ मध्ये, निवाडा जाहीर व्हायच्या तोंडावर, सरकारने संपादनच सोडून दिले. १२ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा सारा व्यवहार बदहेतूचा ठरवला. खरेदीखते कायदेशीर होती, सह्या शेतकऱ्यांच्याच होत्या, दाराशी कोणी बंदूक घेऊन उभे नव्हते. पण ज्या किमतीला जमीन गेली ती बाजाराने नव्हे, भीतीने ठरवली होती, आणि ती भीती राज्याच्या सहीशिक्क्याने पैदा झाली होती. टकर ज्याला राज्याने पोसलेला मक्ता म्हणत असे तो येथे इतक्या उघडपणे दिसतो की दोन्ही घराण्यांनी त्याचा धिक्कार करावा.

आणि ती करतातही, पण धिक्कारानंतर त्यांच्या वाटा फुटतात. रॉथबर्डने १९६९ साली, अमेरिकेतल्या डाव्या तरुणांशी त्याचे सूत जुळलेल्या काळात, असे लिहिले होते की राज्याच्या कृपेने मिळवलेली मालमत्ता ही खरी मालमत्ताच नव्हे, ती मूळ धन्याकडे आणि तो सापडत नसेल तर तेथे राबणाऱ्यांकडे जावी. त्याचे अनुयायी हा लेख फारसा वाचत नाहीत. त्या न्यायाने मानेसरची जमीन शेतकऱ्याला परत मिळायला हवी. डावे पुढे विचारतील की शेतकरी म्हणजे खातेदार, की त्याच्या शेतात राबणारा भूमिहीनही? न्यायालयाने मात्र ती जमीन राज्याच्याच विकास-संस्थांकडे वर्ग करण्याचा आदेश दिला. बळजबरी करणारा आणि तिचे परिमार्जन करणारा हे दोन्ही एकच निघाले.

मानेसरच्याच औद्योगिक वसाहतीत वादाचे दुसरे प्रमेय, म्हणजे मजुरीचा करार, तपासून पाहता येते. जून २०११ मध्ये मारुती सुझुकीच्या तेथील कारखान्यात कामगार १३ दिवस आतच बसून राहिले. आपली स्वतंत्र संघटना असावी ही त्यांची मागणी होती आणि कायम, शिकाऊ व कंत्राटी असे सारे कामगार तिच्यात एकत्र होते. मुक्त बाजारवादी दृष्टीने पाहिले तर कारखाना मालकाचा, करार उभयपक्षी मान्य, आणि न पटल्यास कामगाराला दार उघडे. आत बसून राहणे हे अतिक्रमण. डाव्या दृष्टीने, दिवसातले आठ तास ज्याच्या हुकमात जगावे लागते आणि ज्याच्या निवडीत आपला काडीचा वाटा नसतो, तो मालक म्हणजे छोटे राज्यच, आणि पोटाची भूक ज्याच्या मानेवर बसली आहे त्याची संमती ही संमती नव्हे.

हा दुसरा युक्तिवाद भारतात सर्वांत धारदारपणे मांडला तो मात्र अराज्यवाद्याने नव्हे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की राज्याने हात काढून घेतले म्हणजे सर्वजण स्वतंत्र होत नाहीत. जमीनदाराला खंड वाढवायचे, भांडवलदाराला तास वाढवून मजुरी कापायचे स्वातंत्र्य तेवढे मिळते. मुक्त बाजारवादी घराण्याला एवढे उत्तर पुरेसे होते. पण आंबेडकर तेथे थांबले नाहीत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी दिल्लीत संविधान सभेपुढे मसुदा ठेवताना त्यांनी स्वयंपूर्ण ग्रामराज्याच्या स्वप्नावर जो प्रहार केला, तो डाव्या अराज्यवादाच्या मर्मावर बसतो: गाव ही संकुचितपणाची, अज्ञानाची आणि जातीयतेची जागा आहे, असे ते म्हणाले, आणि त्याचा अर्थ असा की राज्य हटले की दलित गावाच्या सत्तेखाली जाईल. क्रोपोत्किनच्या वाचकांनी या आक्षेपाला बगल देणे हा त्यांच्या परंपरेतला मोठा दोष आहे.

तीनच वर्षांनी, नोव्हेंबर १९५१ मध्ये, दुसरा एक मराठी माणूस पवनारहून पायी चालत दिल्लीत पोहोचला आणि राजघाटावर ११ दिवस राहिला. नियोजन मंडळाशी बोलायला नेहरूंनी विनोबा भाव्यांना बोलावले होते. शासनमुक्त समाज हा शब्द विनोबांनी निःसंकोच वापरला, आणि त्यांच्या ग्रामदानाची पुढची, सुलभ म्हटली जाणारी, पद्धत म्हणजे प्रूदाँचा भेद भारतीय मातीत रुजवण्याचा प्रयत्न होता: मालकीचा कागद ग्रामसभेच्या नावे, कसण्याचा वंशपरंपरागत हक्क मूळ शेतकऱ्याकडे, विसावा हिस्सा भूमिहीनाला आणि गावाच्या संमतीवाचून बाहेर विक्री नाही. बहुतेक ठिकाणी ते कागदावरच राहिले. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने मात्र २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, २०११ मध्ये स्वतःच्या वाहतूक परवान्याने बांबू खुल्या बाजारात विकला आणि २०१३ मध्ये ग्रामदान स्वीकारले. समाईक मालकी आणि बाजार यांचे मूळचे वैर नसते, हे त्या गोंड गावाने दोन्ही घराण्यांना दाखवून दिले.

दिल्लीच्या उंबरठ्यावरच्या अरवलीत याची उलटी बाजू आहे. फरीदाबाद जिल्ह्यातील मांगर बनी ही देवराई गुज्जर गावांनी एका बाबावरच्या श्रद्धेने, कोणत्याही वनरक्षकाविना, पिढ्यान् पिढ्या राखली. पण गावाची जी समाईक जमीन, जिला तिकडे शामलात म्हणतात, तिचे १९७०च्या दशकापासून वाटे पडले आणि पुढे बाहेरच्यांना विकले गेले. विकणारे गावकरीच होते. आणि वाटा मिळाला तो जमीनधारकांना, भूमिहीन जातींना त्यात जागा नव्हती. समाईक म्हटलेलेही सर्वांचे नसते हा आंबेडकरांचा इशारा तेथे खरा ठरला, आणि तरीही झाडे उभी राहिली ती ज्या जुन्या एकोप्याने, तो कोणत्याही कंपनीला विकत घेता आला नसता.

शेवटी दिल्लीच्या सायकल रिक्षा, जिथे हा सारा वाद तीन चाकांवर येऊन ठेपला होता. महापालिकेच्या जुन्या नियमानुसार रिक्षा ओढणारा हाच तिचा मालक असला पाहिजे, असे बंधन होते. कसेल त्याची जमीन, तशी ओढेल त्याची रिक्षा. प्रूदाँने हे वाचून मान डोलावली असती. परंतु हा न्याय परवान्यातून यायचा होता, परवान्यांवर ९९,००० ची मर्यादा होती आणि रस्त्यावर रिक्षा त्याच्या कित्येक पट. ज्या ठेकेदाराला आवरण्यासाठी नियम केला तो गॅरेज चालवून दिवसाचे भाडे घेतच राहिला. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या, पेरणी-कापणीला गावी परतणाऱ्या माणसाची रिक्षा मात्र बेकायदा म्हणून जप्त होऊ लागली आणि भंगारात जाऊ लागली. 'मानुषी' संघटनेच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी २०१० रोजी ती मर्यादा, मालकानेच ओढण्याची अट आणि रिक्षा भंगारात काढण्याची तरतूद, तिन्ही रद्द केली. हा मुक्त बाजाराच्या बाजूचा निखळ विजय होता आणि तो व्हायलाच हवा होता. मात्र परवान्याचा जाच गेला तरी गॅरेजचे भाडे गेले नाही. वर्षानुवर्षे भाडे भरूनही रिक्षा ओढणाऱ्याची होत नाही ही डाव्यांची तक्रार निकालानंतरही जशीच्या तशी उभी होती.

तिचे उत्तर एव्हाना गुवाहाटीत तयार झाले होते, आणि ते राज्याचे नव्हते, नुसत्या बाजाराचेही नव्हते. तेथे २००४ मध्ये प्रदीप सरमा या पशुवैद्यकाने रिक्षा बँक सुरू केली. गॅरेजमालकाला जसे रोज पैसे द्यायचे, तसेच रोज बँकेला द्यायचे. पण वर्ष-दीड वर्षाने ते भाडे राहिलेले नसते, तो शेवटचा हप्ता असतो, आणि रिक्षा ओढणाऱ्याच्या नावावर झालेली असते.